पोकरच्या टेबलावर बसण्याआधी

सगळ्यात आधी हातांची, म्हणजे पाच पानांच्या जुळण्यांची, उतरंड तोंडपाठ करा. पत्ते उचलल्यावर 'फ्लश मोठा की स्ट्रेट?' असा प्रश्न पडत असेल तर बसायची घाई करू नका. वरून खाली क्रम असा: रॉयल फ्लश (एकाच चिन्हाची दश्शी ते एक्का), स्ट्रेट फ्लश (एकाच चिन्हाची ओळीने पाच), चार सारखी पानं, फुल हाउस (तीन सारखी आणि एक जोडी), फ्लश (एकाच चिन्हाची पाच), स्ट्रेट (ओळीने पाच, चिन्ह कुठलंही), तीन सारखी, दोन जोड्या, एक जोडी आणि शेवटी नुसतं मोठं पान. घोकण्यापेक्षा कारण लक्षात ठेवा. बावन्न पानांतून पाच-पाच पानांचे २५,९८,९६० हात निघतात. त्यांत साधे स्ट्रेट १०,२०० आणि साधे फ्लश ५,१०८. जो हात दुर्मीळ, तो वरचा. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर यांच्यात लहानमोठं कोणी नाही. एक्का सर्वांत मोठा, पण एक्का ते पंजी या स्ट्रेटमध्ये तो तळाला बसतो. राणी-राजा-एक्का-दुर्री-तिर्री असा वळसा चालत नाही.

मग घरी एकट्याने टेक्सस होल्डेम या पोकरच्या प्रकाराचे डाव उघडे वाटून पाहा. प्रत्येक खुर्चीला दोन पानं, मध्ये आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचं एक (रिव्हर). बोली, म्हणजे पैज लावायची फेरी, चार वेळा लागते: दोन पानं मिळाल्यावर आणि त्यानंतर या प्रत्येक टप्प्यावर. सातांतली सर्वोत्तम पाचच पानं धरायची, हे डोळ्यांत भरेपर्यंत वाटत राहा. समजा टेबलावर दोन राजे, दोन नव्व्या आणि एक्का आहे. तुमच्याकडे सत्तीची जोडी, समोरच्याकडे राणी-चौकी, आणि फ्लश कोणाचाच होत नाही. सत्त्या हातात असल्याने आपणच जिंकलो असं नवख्याला वाटतं. पण तिसऱ्या जोडीला किंमतच नाही. दोघांचाही हात टेबलावरचाच, म्हणून पॉट (मध्ये जमलेल्या पैजा) निम्मा-निम्मा.

डीलरचं बटण (वाटणाऱ्याची जागा दाखवणारी चकती) दर डावाला डावीकडे सरकतं. त्याच्या डावीकडचे दोघं पानं वाटण्याआधीच स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड (सक्तीची लहान आणि मोठी पैज) भरतात. टेबलावर दोघंच असतील तर बटणवालाच स्मॉल ब्लाइंड भरतो. फ्लॉपनंतर बटणवाला सर्वांत शेवटी बोलतो, म्हणजे बाकीच्यांनी काय केलं ते बघून ठरवतो. माझ्या मते नवख्याला कळायला सर्वांत उशीर लागतो तो याच गोष्टीला. लवकर बोलायची पाळी असेल तर कमी हात खेळा, बटणावर असाल तर थोडे जास्त.

थोडं गणितही हाताशी असू द्या. चार बदाम जमलेत, एकच पान यायचं आहे. न दिसलेल्या ४६ पानांत ९ बदाम, म्हणजे पाचात जेमतेम एक संधी. पॉटमध्ये ८० चिप्स (पैजेच्या चकत्या) असताना समोरच्याने २० लावले, तर २० भरून १०० मिळवायचे आहेत; कॉल (तेवढेच भरून डावात राहणं) परवडतो. त्याने ८० लावले तर ८० भरून १६०च मिळणार, तेव्हा पानं टाकून द्या.

सामान फार लागत नाही: पत्त्यांचे चांगले दोन जोड, म्हणजे एक वाटताना दुसरा पिसून होतो, आणि चिप्स. प्रत्येकाला बिग ब्लाइंडच्या शंभरपट चिप्स दिल्या की खेळ ऐसपैस होतो. खरे पैसे लावणार असाल तर तुमच्याकडचा कायदा आधी पाहा, आणि गमावली तरी चालेल एवढीच रक्कम घेऊन, उठायची वेळ ठरवून बसा. डाव सुरू असताना खिशातून भर घालता येत नाही. कोणी ऑल-इन गेला, म्हणजे जवळच्या सगळ्या चिप्स लावल्या, तर त्याच्या चिप्सपुरताच मुख्य पॉट, उरलेल्यांचा साइड पॉट वेगळा.

आपली पाळी येईपर्यंत बोलायचं नाही, आणि रेझ करायचा, म्हणजे पैज वाढवायची, तर आकडा स्पष्ट सांगून एकदाच चिप्स पुढे करायच्या. पहिल्या तासात बरेच हात टाकावे लागतील, पण तो वेळ वाया घालवू नका. कोणी कुठल्या खुर्चीवरून किती लावलं आणि शेवटी त्याच्याकडून कोणती पानं उघडली, हे जुळवून पाहत राहा.