आमवातात नॅनोऔषधांचा उपयोग कसा करून घ्यावा

सकाळी उठल्यावर बोटे तासाभराहून अधिक काळ आखडलेली राहत असतील आणि दोन्ही हातांचे लहान सांधे सुजत असतील, तर तो आमवात (रुमेटॉइड आर्थ्रायटिस) असू शकतो; संधिवाततज्ज्ञाकडे जाऊन तो ओळखण्यास मदत करणाऱ्या रुमेटॉइड फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्ततपासण्या करून घ्याव्यात. गर्भचाचणीच्या अनेक पट्ट्यांवर जी रेघ उमटते, ती सोन्याच्या नॅनोकणांमुळे, म्हणजे अतिसूक्ष्म कणांमुळे. त्याच तत्त्वावर अँटी-सीसीपीची झटपट चाचणीही करता येते. मात्र केवळ पट्टीवरून निदान पक्के होत नाही.

सुजलेल्या सांध्याच्या अस्तरात नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि त्यांच्या भिंती झिरपऱ्या असतात. म्हणून रक्तात सोडलेले औषधाचे असे सूक्ष्म कण, म्हणजेच नॅनोऔषधे, निरोगी भागापेक्षा तेथे अधिक साचतात आणि तेथील भक्षक पेशी ते गिळतात. स्टेरॉइड भरलेले लायपोसोम (चरबीचे अतिसूक्ष्म फुगे) याच वाटेने सांध्यापर्यंत नेण्याचे प्रयत्न झाले आहेत, परंतु आमवातासाठी ते अजून नेहमीच्या उपचारांत आलेले नाहीत.

प्रत्यक्ष वापरात असलेले नॅनोऔषध म्हणजे सर्टोलिझुमॅब पेगॉल, सूज वाढवणाऱ्या प्रथिनाला रोखणारे इंजेक्शन. प्रतिपिंडाच्या (अँटिबॉडीच्या) तुकड्याला पॉलिइथिलीन ग्लायकॉलची साखळी जोडल्याने ते रक्तात दीर्घकाळ टिकते. अमेरिकेत आमवातासाठी त्यास 2009 मध्ये मान्यता मिळाली. ते सुरू करण्यापूर्वी क्षयरोगाची आणि हिपॅटायटिस बी ची तपासणी झालीच पाहिजे, कारण हे औषध शरीरात दबून असलेला क्षय पुन्हा जागा करू शकते आणि आपल्याकडे तो धोका मुळीच लहान नाही. नेहमीची मात्रा पहिल्या दिवशी, दुसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात 400 मिलिग्रॅम, त्यानंतर दर दोन आठवड्यांनी 200 मिलिग्रॅम अशी असते. सिरिंज फ्रिजमध्ये 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवावी, गोठू देऊ नये, टोचण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवावी आणि पोटावर किंवा मांडीवर दर वेळी जागा बदलून टोचावे. ताप आला तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे. शस्त्रक्रिया ठरली तरीही या औषधाची कल्पना द्यावी, कारण रक्त गोठण्याच्या एपीटीटी या चाचणीत त्यामुळे चुकीचा वाढीव आकडा येऊ शकतो.

डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट हे आमवातावरील नेहमीचे औषध दिले असेल, तर ते आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यावे; रोज घेतल्यास ते जीवघेणे ठरू शकते. ‘नॅनो’ असे छापलेली वेदनाशामक जेल दुखणे तात्पुरते कमी करतात, पण हाडाची झीज थांबवत नाहीत. त्यांच्या भरवशावर मेथोट्रेक्सेट बंद करू नये.