वरचा सा आणि माझी हनुवटी

भूप रागात ‘प ध सा’ घेताना वरच्या सा वर माझा गळा आवळायचा, आवाज चिरकायचा. दोन वर्षं मी जोर वाढवत राहिले, चुकलं ते तिथेच. एकदा आरशासमोर गायले तेव्हा दिसलं, सा जवळ आला की हनुवटी वर जाते, मानेच्या शिरा ताठ होतात.

मग पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सा, खाली आणली: पेटीवरची काळी पाच सोडून काळी चार धरली. (पट्टी उतरवण्यात कमीपणा अजिबात नाही.) रोज सकाळी तानपुरा लावून वीस मिनिटं खर्ज, म्हणजे खालच्या सप्तकातले सूर, मंद्र पंचमापर्यंत (खालच्या प पर्यंत), सावकाश. वरचा सा आधी ओठ मिटून, हलक्या गुंजनात. सूर जुळला की मगच तोंड उघडून ‘आ’कार. खांदे सैल, श्वास पोटातून.

तीन महिन्यांनी एका सकाळी सा तानपुऱ्यात असा मिसळला की माझा आवाज मला वेगळा ऐकूच येईना. डोळे भरून आले.