अष्टमीचा चंद्र आणि ११४ मिलिमीटरचा आरसा

चंद्राचा फोटो म्हटलं की माणसं पौर्णिमेची वाट बघतात. मीही कोजागरीलाच सुरुवात केली होती. सेलूत माझा फोटो स्टुडिओ आहे, लग्नाच्या फोटोंत वीस वर्षं गेली. त्या रात्री टेलिस्कोपमधून साठेक फोटो काढले आणि प्रत्येकात चंद्र नुसता पांढरा, सपाट. कारण मला लग्नातून माहीत असायला हवं होतं. नवरीच्या तोंडासमोरून थेट फ्लॅश मारला की नाक, गाल, नथ सगळं एका पातळीवर येतं. पौर्णिमेला सूर्याचा उजेड आपल्या पाठीमागून चंद्रावर तसाच थेट पडतो आणि विवरांना सावलीच उरत नाही.

अष्टमीला ऊन बाजूनं येतं. चंद्राच्या उजेड-अंधाराच्या सीमेवर डोंगरांच्या लांब सावल्या पडतात, विवरांचे काठ उठून दिसतात. त्या सीमेला मी सावलीची रेघ म्हणतो, आणि फोटो काढायचा तो तिच्या आजूबाजूचा.

ही रेघ कोणत्या दिवशी कुठं असेल ते भिंतीवरचं कॅलेंडर सांगतं. एक तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातल्या कोनात १२ अंशांची वाढ. त्यामुळं शुद्ध षष्ठीला थिओफिलस, सिरिलस, कॅथरिना ही तीन विवरं एकाखाली एक दिसतात. अष्टमीला अपेनाइन पर्वतरांग. १९७१ साली अपोलो १५ यान तिच्याच पायथ्याशी उतरलं होतं. नवमीला प्लेटो, टायको आणि सरळ भिंतीसारखी दिसणारी ११० किलोमीटरची कडा. दशमीला कोपर्निकस, ९३ किलोमीटर रुंद, आणि मला विचाराल तर सगळ्यांत देखणं. एक काळजी घ्या. कॅलेंडरात दिवसाची तिथी म्हणून जी छापतात ती सूर्योदयाची असते. ती किती वाजता संपते ते बघून संध्याकाळी कोणती चालू असेल ते ठरवा. चंद्र थोडा डुलतोही, म्हणून काही तासांचा फरक पडतो.

आता टेलिस्कोप. माझा पहिला ६० मिलिमीटरचा होता, साडेचार हजारांचा. खोक्यावर ‘४५० पट’ असं ठळक छापलेलं. तेवढ्या पटीला चंद्र धुरकट दिसायचा, आणि हात लावला की चित्र चार-पाच सेकंद थरथरत राहायचं. उपयोगी मोठेपणाचा साधा हिशोब असा: भिंग किंवा आरसा जितक्या मिलिमीटरचा, त्याच्या साधारण दुप्पट. म्हणजे ६० मिलिमीटरला १२० पट, त्यापुढं चित्र फक्त फुगतं. किती पट होतंय ते काढायला टेलिस्कोपच्या फोकल लेंग्थला (भिंग किंवा आरशापासून चित्र जिथं स्पष्ट उमटतं तिथवरचं अंतर) आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, मिलिमीटरच्या आकड्यानं भागा. ९०० मिलिमीटरच्या नळीला २५ चं आयपीस लावलं तर ३६ पट, १० चं लावलं तर ९० पट. चंद्रासाठी मला या दोनच आयपीसनी भरपूर दिलं. खोक्यात ४ मिलिमीटरचं आयपीस आणि तीन पटीचं बार्लो, म्हणजे मध्ये घालून पट वाढवायचं भिंग, आलं असेल तर ते बाजूला ठेवा.

विकत घेताना तीन गोष्टी बघा. आरसा किंवा भिंग निदान ७० मिलिमीटरचं हवं. आयपीसची नळी सव्वा इंची हवी, म्हणजे पुढं चांगली आयपीस मिळतात. आणि तिपाई दणकट हवी. माझं ठाम मत आहे की पैसे कमी असतील तर नळी लहान घ्या, पण तिपाईत कसर करू नका. ७० मिलिमीटरचा भिंगाचा टेलिस्कोप नवशिक्याला सोपा, त्याला काही जुळवावं लागत नाही. ११४ किंवा १३० मिलिमीटरचा आरशाचा न्यूटोनियन जास्त बारकावे दाखवतो, पण त्याचे आरसे अधूनमधून जुळवावे लागतात आणि धूळ बसते. आमच्याकडं सोयाबीनच्या मळणीत धूळ चुकत नाही. तरी आरसा फडक्यानं पुसू नका, चरे पडतात. झाकण लावून ठेवा, थोडी धूळ फोटोत दिसत नाही. मी सध्या ११४ मिलिमीटर आरशाचा, ९०० फोकल लेंग्थचा न्यूटोनियन वापरतो. नुसत्या फोनवर फोटो काढायचे असतील तर टेबलावर ठेवायचा छोटा डॉब्सोनियन, म्हणजे तिपाईऐवजी फिरत्या बैठकीवरचा आरशाचा टेलिस्कोप, उत्तम. तो बुडाशी घट्ट बसतो, हलत नाही.

काही खोक्यांत आयपीसवर फिरवून बसवायची काळी ‘सूर्य फिल्टर’ काच येते. ती फोडून टाका. उन्हाच्या झळीनं ती तडकते आणि डोळा जातो. घरात लेकरं असतील तर दिवसा टेलिस्कोप झाकूनच ठेवा.

जागेबद्दल मी बरंच चुकत होतो. मार्चपासून गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री अकरापर्यंत झळ सोडतो. त्या झळीतून माझा भाचा आयपीसला डोळा लावून म्हणाला, “मामा, चंद्र उकळायलाय!” अगदी बरोबर शब्द. तेव्हापासून मी निम्न दुधना धरणाच्या बाजूला मेहुण्याच्या रानात जातो, विहिरीजवळच्या गवतावर टेलिस्कोप ठेवतो आणि बाहेरच्या हवेशी जुळायला अर्धा तास देतो. मे महिन्यात वद्य अष्टमीनंतरचा पहाटेचा चंद्र बघा, तोवर जमीन निवलेली असते. चंद्र क्षितिजाजवळ असताना फोटोच्या नादी लागू नका, वर येऊ द्या.

तिपाईचे पाय पूर्ण लांबवायचे नाहीत. मधल्या दांड्याला मी पाच किलो ज्वारीची पिशवी अडकवतो, थरथर लगेच कमी होते.

फोननं फोटो काढताना आधी २५ चं आयपीस लावून डोळ्यानं फोकस नीट करा. मग फोन आयपीसला धरून ठेवणाऱ्या अडाप्टरनं फोनचा मुख्य कॅमेरा आयपीसच्या बरोबर मध्यावर आणा. पडद्यावर सावलीच्या रेघेवर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड कुलूपबंद होतात. मग उजेड खाली ओढा, विवरांचे काठ दिसू लागेपर्यंत. फोनच्या वजनानं नळी झुकते, म्हणून पेच आवळून घ्या. बटण बोटानं दाबू नका, दहा सेकंदांचा टायमर लावा.

डीएसएलआर कॅमेरा टी-रिंग नावाच्या जोडकड्यानं थेट जोडता येतो, तेव्हा टेलिस्कोपच कॅमेऱ्याची लेन्स होतो. सेन्सरवर चंद्र किती मोठा पडेल? फोकल लेंग्थला ११० नं भागा. माझ्या ९०० ला साधारण ८ मिलिमीटर, म्हणजे बऱ्याच डीएसएलआरमध्ये असतो त्या एपीएस-सी आकाराच्या सेन्सरवर पूर्ण चंद्र मावतो. बऱ्याच न्यूटोनियनमध्ये कॅमेरा लावल्यावर फोकस आतच राहतो, लागत नाही. त्यावर दोन पटीचं बार्लो मध्ये घालणं हा सोपा उपाय, पण मग चित्र अंधारतं, उजेड चौपट द्यावा लागतो. अष्टमीला बार्लोशिवाय मी आयएसओ २००, शटर १/१०० पासून सुरू करतो. पौर्णिमेकडं जाताना शटरचा वेग वाढवत न्या. १/६० पेक्षा हळू जाऊ नका, कारण चंद्र दर दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. रॉ फाईल (कॅमेऱ्यानं न दाबलेली मूळ फाईल) ठेवा आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावर, दहा पट मोठं करून फोकस तपासा.

बारकावे हवे असतील तर फोटोऐवजी एक मिनिटाचा व्हिडिओ घ्या. त्यात १८०० चौकटी येतात. हवा सतत हलते, पण मधूनच क्षणभर शांत होते. ऑटोस्टॅकर्ट हे फुकट सॉफ्टवेअर त्या शांत चौकटी निवडून एकावर एक रचतं. मी वरच्या १५ टक्के घेतो. पुढं रजिस्टॅक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये धार वाढवायची, पण विवराच्या काठाला पांढरी कड दिसू लागली की थांबायचं. नवरीच्या चेहऱ्यावर जादा धार दिली तर जसं खोटं दिसतं, तसंच इथंही.

सेलूहून मंठ्यावरून लोणार जवळ पडतं. सरोवराचं ते विवर १.८ किलोमीटर रुंद, आपल्याच काळ्या पाषाणात उल्का आदळून झालेलं. चंद्रावरचे काळे डाग, ज्यांना समुद्र म्हणतात, तेही बसाल्टचेच. भाच्यानं विचारलं, लोणार चंद्रावर असतं तर दिसलं असतं का? हिशोब केला. एवढ्या अंतरावरून ते साधारण एक सेकंद कोनाचं (एका अंशाचे ३६०० भाग केले तर त्यातला एक) दिसेल, आणि ११४ मिलिमीटरच्या आरशाची ताकदही जेमतेम तिथंच संपते. हवा शांत असलेल्या रात्री एखादा ठिपका, बस.

फाल्गुन शुद्ध अष्टमीला, होळीच्या आठवडाभर आधी, अर्धा चंद्र सूर्य मावळताना आमच्या जवळजवळ डोक्यावर असतो. त्या संध्याकाळी मी लग्नाचं काम घेत नाही. लोणारएवढा एखादा ठिपका शोधायला भाच्याला घेऊन रानात जातो.