ऑक्टोरॉकशी गाठ पडली की या चुका टाळा

मे महिन्यात भुसावळला दुपारी बारा ते पाच घराबाहेर पाऊल टाकायची सोय नसते. पारा पंचेचाळीसच्या आसपास, कूलरच्या वाळ्यावर दर तासाला पाणी, आणि घरात सुट्टीला आलेली बहिणींची पोरं. गेल्या काही उन्हाळ्यांत ‘झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ हा व्हिडिओ गेम पहिल्यांदा हातात घेणारी सात-आठ पोरं मी शेजारी बसून पाहिली. सगळ्यांनी एकाच प्राण्याकडून एकाच पद्धतीनं मार खाल्ला. तो लायनेल किंवा गार्डियनसारखा बलाढ्य शत्रू नाही. तो ऑक्टोरॉक. साध्या धनुष्याच्या दोन-तीन बाणांत मरणारा जीव.

याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण ऑक्टोरॉक तुमचा पाठलाग करत नाही. बोकोब्लिन धावत येतो, लिझाल्फोस उड्या मारत येतो. ऑक्टोरॉक आपल्या जागी रुतून बसलेला असतो. त्याच्यापाशी जाता ते तुम्हीच, म्हणून त्याच्याकडून झालेली जवळपास प्रत्येक जखम घाईची असते.

१९८६च्या पहिल्या झेल्डात हाच प्राणी उघड्यावर फिरायचा आणि समोरून दगड थुंकायचा. लपाछपी नव्हती. २०१७च्या ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्ये मात्र तो दबा धरून बसतो, आणि जसा मुलूख तसा त्याचा वेश. झाडीतला डोक्यावर झुडूप घेऊन जमिनीत गाडून बसतो. बर्फातला गवताच्या झुबक्यासारखा दिसतो आणि बर्फाचे गोळे फेकतो. एल्डिनच्या तापलेल्या डोंगरातला हुबेहूब दगड. पाण्यातला वेशबिश करत नाही, नुसता बुडी मारतो. आणि पाचवा, सगळ्यांत लबाड, वाळूत किंवा बर्फात स्वतः गाडून घेऊन खजिन्याची पेटी तेवढी वर ठेवतो.

आमच्याकडे रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीच्या बागेत वाळलेल्या पानांचा थर साचतो, आणि त्या थरात घोणस बसली तर पानाचा रंग कुठे संपतो आणि तिचा कुठे सुरू होतो हे हातभरावरूनही कळत नाही. माझे आजोबा बागेत शिरताना पाय टाकायच्या आधी काठी टाकायचे. पानांवर दोन वेळा आपटायची, क्षणभर थांबायचं, मग पाऊल. पंपापर्यंत जायला त्यांना आमच्या दुप्पट वेळ लागायचा, पण त्यांनी कधी घाई केली नाही. ऑक्टोरॉकच्या मुलखात मी अगदी हेच करतो आणि पोरांनाही हेच सांगतो. ऐकतं कोण!

पेटी दिसली की धावणं

ही पहिली चूक, आणि सगळ्यांत जास्त वेळा घडणारी. गेरुडोच्या वाळवंटात रात्रीची वेळ, थंडीनं हार्ट, म्हणजे खेळातल्या जिवाची मापं, कमी होत चाललेली, खायला काही उरलेलं नाही, आणि समोर वाळूतून पेटीचा माथा वर आलेला. माझा भाचा ओरडला, “मामा, पेटी दिसू राहिली!” मी “थांब” म्हणेपर्यंत तो तिथे पोचला होता. पेटी उसळून वर आली, तिच्याखालून ऑक्टोरॉक निघाला, लिंक, म्हणजे खेळातला आपला नायक, हवेत फेकला गेला आणि खेळ संपला. तीनच हार्ट होती त्याची. खेळ सुरू होतो तेव्हा तीनच असतात, आणि हा खेळातली कोड्यांची देवळं टाळून थेट वाळवंटात आला होता. देवळं कंटाळवाणी म्हणून टाळणाऱ्यांना मी आधीच सांगून ठेवतो: चार देवळांमागे एक हार्ट मिळतं, आणि ते तुम्हाला वाळवंटात लागणार आहे.

यावर उपाय तुमच्याकडे पहिल्या पठारापासून असतो: मॅग्नेसिस, म्हणजे लांबूनच लोखंड उचलणारी चुंबकी शक्ती. ते चालू केलं की लोखंडी वस्तू गुलाबी चमकतात. वाळूत रुतलेली लोखंडी पेटी लांबूनही उठून दिसते, आणि ऑक्टोरॉकची पेटी चमकत नाही. मी वाळवंटात आणि हेब्राच्या बर्फात दर वीस-तीस पावलांवर मॅग्नेसिस लावून एकदा चौफेर बघतो. खरी पेटी असली तर त्याच मॅग्नेसिसनं तिथूनच उपसून बाहेर काढतो, तिच्याजवळ जातही नाही. न चमकणारी असली तर लांबून गोल बॉम्ब टाकतो आणि फोडतो. “पण मामा, लाकडी पेटी असली तर?” असली तर असू दे. बॉम्बच्या धुरळ्यानंतरही ती तिथेच असेल, तेव्हा उघडा.

सँड सीलवर, म्हणजे वाळूत धावणाऱ्या सीलवर, स्वार होऊन भरधाव जाणाऱ्यांनी वाटेतल्या पेटीसाठी मध्येच उतरू नये. हवी असेल तर नकाशावर खूण करा आणि परत या. खूण करायला दोन सेकंद लागतात.

झुडूप आणि गवताच्या झुबक्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. उघड्या माळावर एकटंच झुडूप दिसलं तर त्याच्याकडे बघत चाला. बर्फाच्या मोकळ्या उतारावर एकाच जागी हिरवं गवत का उगवलं, हा प्रश्न स्वतःला विचारा.

पाण्यात उतरून त्याच्याशी भांडणं

झोराच्या गावाकडे जाणाऱ्या वाटेवर सतत पाऊस असतो, कडे निसरडे असतात, वर चढता येत नाही, म्हणून लोक नदीतून पोहायला बघतात. पोहताना ढाल उचलता येत नाही. स्टॅमिना संपत चाललेला, समोरून दगड. मग दोष खेळाला देतात. वाट सोडू नका. काठावर उभे राहा, तो डोकं वर काढील तेव्हा बाण मारा, नाहीतर ढाल धरा आणि दगड अंगाशी आला की ए बटण दाबून परतवा. त्याचाच दगड त्याला लागतो आणि तो मरतो. पलीकडे जायचंच असेल तर क्रायोनिसनं बर्फाचा खांब उभा करा. एका वेळी तीन खांब करता येतात, एक आडोशाला आणि दोन चालायला. दगड परतवण्याचा सराव नवख्यानं इथेच करावा. पुढे गार्डियनचा किरण परतवायचा असतो, त्याचाही ताल असाच शिकावा लागतो आणि तिथली चूक महागात पडते.

दगडातला ऑक्टोरॉक दिसल्याबरोबर मारणं

यावर मी थोडं जास्त बोलणार आहे. एल्डिनमधला ऑक्टोरॉक हा शत्रूपेक्षा लोहार जास्त आहे, आणि लोक त्याला ओळख व्हायच्या आधीच मारून टाकतात.

तो दगड फेकायच्या आधी जोरात हवा आत ओढतो. त्या ओढीत समोर पडलेली सुटी वस्तू त्याच्या तोंडात जाते. बॉम्ब गेला तर तो आतच फोडता येतो. पण गंजलेली तलवार, भाला किंवा ढाल गेली, तर तो ती चावून-चघळून स्वच्छ करून बाहेर थुंकतो. गंजलेल्या ब्रॉडस्वॉर्डची ट्रॅव्हलर्स सोर्ड होऊ शकते, सोल्जर्स होऊ शकते, नाइट्स होऊ शकते, आणि नशीब असेल तर रॉयल.  मारून टाकलेला ऑक्टोरॉक पुन्हा हवा असेल तर ब्लड मून होईपर्यंत, म्हणजे मेलेले शत्रू परत जिवंत करणारा लाल चंद्र उगवेपर्यंत, थांबावं लागतं. ब्लड मून साधारण सात दिवसांनी येतो, म्हणजे आपल्या घड्याळाचे पावणेतीन तास, कारण खेळातला एक दिवस आपली चोवीस मिनिटं.

आता गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. वर सांगितलेला तोच भाचा. वाळवंटात आपटल्यानंतर त्यानं मन लावून खेळायला घेतलं होतं. हायरूल फील्डच्या पडक्या वास्तूंमधून त्यानं दोन गंजक्या ब्रॉडस्वॉर्ड गोळा केल्या. बाकी हत्यारांची जागा भरली तरी त्या टाकल्या नाहीत. मग सदर्न माइन या खाणीत जाऊन तिथल्या किमा नावाच्या पात्राला हवे असलेले दहा फायरप्रूफ सरडे पकडले. सरडे धावून सापडत नाहीत, वाकून हळू जावं लागतं, दीड तास गेला. त्या बदल्यात उष्णता सोसणारं फ्लेमब्रेकर चिलखत मिळालं. ही सगळी मेहनत मी बघत होतो, आणि पोरगं धीर शिकलं म्हणून मला बरं वाटत होतं.

पहिला ऑक्टोरॉक दगडातून वर आला आणि याच्या हातून सवयीनं बाण सुटला. मेला. टेंटॅकल पडलं, तलवार पाठीवर तशीच गंजलेली.

दुसऱ्यापाशी मात्र त्यानं सगळं नीट केलं. वाकून गेला, त्याला वर येऊ दिलं, पाऊच उघडून गंजकी तलवार पायाशी टाकली, मागे सरला. ऑक्टोरॉकनं हवा ओढली, तलवार सरपटत जाऊन त्याच्या तोंडात गेली. गाल फुगले. भाचा उठून उभा राहिला, टीव्हीच्या अगदी जवळ. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की लिंकची पाठ लाव्ह्याकडे आहे. ऑक्टोरॉक जे थुंकतो ते तुमच्या दिशेनं थुंकतो. तलवार निघाली, चकचकीत, लिंकच्या खांद्यावरून गेली आणि थेट लाव्ह्यात पडली. बारीकसा धूर आला. कोणती तलवार होती हे आम्हाला कधीच कळलं नाही.

त्यानं लगेच मागचा सेव्ह लावायला मेनू उघडला. मी लावू दिला नाही. हे काहींना कठोर वाटेल. मला मात्र सेव्ह मागे घेऊन घेऊन रॉयल तलवार काढणाऱ्यांचा रागच आहे. तीन मिनिटांत तलवार मिळते खरी, पण ऑक्टोरॉकपुढे कुठे उभं राहायचं हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी तीच चूक होते. त्या रात्री ताईनं भरीत आणि कळण्याची भाकरी केली होती. पोरानं अर्धी भाकरी खाल्ली आणि उठला. मीही फार जेवलो नाही.

सकाळी ऊन चढायच्या आत दोघं बसलो. तिसरा ऑक्टोरॉक शोधला. या वेळी त्याच्याभोवती आधी एक फेरी मारली, कुठे उतार आहे, कुठे लाव्हा आहे, कुठे उभा कडा आहे हे पाहिलं, आणि लिंकला कड्याला पाठ लावून उभं केलं. तलवार टाकली, एक पाऊल बाजूला सरलो. ती कड्याला आपटून खाली पडली. सोल्जर्स ब्रॉडस्वॉर्ड. रॉयल नव्हती. भाच्यानं ती पुढचे कितीतरी दिवस वापरलीच नाही, तुटेल म्हणून.

तेव्हा एल्डिनमध्ये माझा क्रम ठरलेला आहे. आधी जागा बघायची, मग त्याला उठवायचं. पाठीशी कडा, समोर ऑक्टोरॉक, दोघांच्या मध्ये सपाट जमीन. हत्यार फेकायचं नाही, पाऊचमधून पायाशी टाकायचं. फेकलेलं हत्यार त्याला लागतं किंवा भलतीकडे जातं. स्वच्छ हत्यार उचलून झाल्यावरच बाण.

याच भागातल्या बाकीच्या चुका एका दमात सांगतो. लाकडी ढाल आणि लाकडी धनुष्य वर डोंगरात नेऊ नका, पेट घेतात. बॉम्बचा बाण ताणू नका, हातातच फुटतो. फायरप्रूफ औषध घेऊन आला असाल तर मुदत बघत राहा. ऑक्टोरॉक गंज काढत असताना औषध संपलं आणि लिंक जळाला, असं मी दोनदा पाहिलं आहे.

मेलेल्या ऑक्टोरॉकचा ऑक्टो बलून मिळतो. बहुतेक जण तो कचऱ्यासारखा साठवतात. बलून एखाद्या वस्तूला लावला की ती थोडा वेळ वर उचलली जाते. जड झाकण किंवा पिंप हलवायला मी तोच वापरतो. ज्याच्या खाली काही दडलंय अशी शंका येते, त्यालाही एक लावून बघतो.

२०२३चा ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ खेळणाऱ्यांसाठी दोन गोष्टी वेगळ्या. तिथे गोल बॉम्बची सोय नाही, म्हणून संशय असलेल्या पेटीवर बॉम्ब फ्लॉवर बाणाला लावून मारा. आणि तिथला दगडातला ऑक्टोरॉक झिजलेलं हत्यार पुन्हा नव्यासारखं करून देतो, तेही ब्लड मूनपर्यंत एकदाच. त्यामुळे हत्यार मोडायला आलं की मी ते वापरणं थांबवतो, नकाशावर एल्डिनमधल्या प्रत्येक ऑक्टोरॉकची खूण ठेवतो, आणि ज्याच्याकडून काम करून घेतलं त्याची खूण ब्लड मून होईपर्यंत काढून टाकतो. सध्या माझ्या नकाशावर तीन खुणा उरल्यात, आणि भाचा यंदा दिवाळीत येणार आहे, त्याच्यासाठी त्या तशाच ठेवल्यात.