परदेशात केबिन क्रू व्हायचंय? मग या चुका टाळा

कोकणातल्या मुलामुलींना या नोकरीसाठी सगळ्यात जास्त धास्ती इंग्रजीची असते. त्यापायी क्लास लावतात, आरशासमोर उभं राहून उत्तरं पाठ करतात. आणि मग इंग्रजीत तोंड उघडायची वेळ येण्याआधीच परत येतात, कारण हात दोन बोटं कमी पडला, किंवा पासपोर्टवरचं आडनाव मार्कशीटशी जुळलं नाही. दोन्ही गोष्टी घरबसल्या, फुकटात तपासता येतात. तरी दर वर्षी त्याच चुका, त्याच क्रमाने.

हात पोचतो की नाही

दुबईच्या एमिरेट्स या विमान कंपनीची अट आहे उंची किमान १६० सेंटीमीटर, आणि चवड्यांवर उभं राहून हात २१२ सेंटीमीटरवर पोचला पाहिजे. कतार एअरवेजही २१२ च मागते. इतर कंपन्यांचा आकडा थोडा इकडेतिकडे असतो, तो त्यांच्या भरतीच्या पानावर लिहिलेला असतो. डोक्यावरच्या कप्प्यांत प्रवाशांच्या बॅगांबरोबर आणीबाणीचं सामानही ठेवलेलं असतं. केबिनमध्ये धूर झाला तर स्टूल शोधत बसता येत नाही. त्यामुळे या आकड्यात कुणी ‘चालवून घेत’ नाही. गोड हसलं तरी नाही.

कुडाळकडच्या एका मुलीची तयारी खरोखर चांगली होती. गोव्यातल्या हॉटेलात दीड वर्षाचं काम, बोलणं स्वच्छ, फोटो नीट. तिने घरच्या पडवीत भिंतीवर २१२ ची खूण केली होती आणि रोज त्या खुणेला हात लावत होती. पणजीला ओपन डेला, म्हणजे कंपनीच्या खुल्या भरतीला गेली, चपला काढल्या, चवड्यांवर उभी राहिली, आणि बोटं पट्टीच्या खालीच थांबली. घरी येऊन शोधलं तेव्हा उलगडा झाला. पडवीची जमीन पाणी बाहेर जावं म्हणून उताराची. तिने टेप टेकवली होती बाहेरच्या, सखल बाजूला आणि उभी राहायची आतल्या, उंच बाजूला.  शिवाय सकाळी आंघोळ झाल्यावर मोजायची सवय. दिवसभर उभं राहिल्यावर पाठीचा कणा दबतो आणि संध्याकाळी माणूस एखादा सेंटीमीटर खुजा होतो, हे तिच्या गावीही नव्हतं. आजीने आधीच सांगून ठेवलं होतं, ‘होतला गो, दोन सेंटीमीटरान काय जाता?’ दोन सेंटीमीटरनेच गेलं.

मोजायचं असेल तर असं मोजा. चिऱ्याची उघडी भिंत नको, गिलावा केलेली सरळ भिंत घ्या. खाली फरशी हवी, आणि ती सपाट आहे का ते वाटीभर पाणी ओतून बघा. पाणी एका बाजूला धावलं तर जागा बदला. टेप सुताराकडची, स्टीलची. अनवाणी उभं राहा, मोजमाप संध्याकाळी करा, उडी मारू नका आणि बोटं टेकवून तीन आकडे मोजेपर्यंत थांबा. खूण २१२ वर नको, २१४ वर करा. तिथे सहज पोचलात तर निर्धास्त जा.

एक-दोन सेंटीमीटर कमी पडत असेल तर खांदे मोकळे करण्याचा व्यायाम आणि दांड्याला लोंबकळणं यांनी थोडा फरक पडतो, कारण बऱ्याच जणांचे खांदे आखडलेले असतात. पाच सेंटीमीटर कमी असतील तर दुसरी कंपनी बघा. उंची वाढवणारी पावडर विकणाऱ्याचं मात्र घर चालू द्यायची गरज नाही. विशीनंतर हाड लांब होत नाही.

नाव एकच, स्पेलिंग चार

ही चूक जास्त महाग पडते, कारण ती निवड झाल्यावर उघडी पडते.

आपल्याकडे बोर्डाच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर दोन रकाने, एकात नाव आणि दुसऱ्यात आडनाव. इथपर्यंत ठीक, क्रमाचा फरक समजावून सांगता येतो. अक्षरांचा फरक सांगता येत नाही. सावंत या एका आडनावात मधलं अक्षर कुणी व्हीने लिहितो, कुणी डब्ल्यूने. दीपकमध्ये कुणी दोन ई घालतो, कुणी एक आय. शाळेच्या क्लार्कने एक लिहिलं, आधार केंद्रावरच्या पोराने दुसरं, पॅन काढणाऱ्याने तिसरं, आणि पासपोर्टचा फॉर्म सायबर कॅफेवाल्याने आधार बघून भरला.

चिपळूणच्या एका मुलाचं ऑफर लेटर आलं, मेडिकल झालं, जॉइनिंगची तारीख ठरली. प्रमाणपत्रं साक्षांकनासाठी पाठवली आणि ती परत आली, कारण बारावीच्या प्रमाणपत्रावरचं आडनाव पासपोर्टशी जुळत नव्हतं. मग धावपळ सुरू झाली. बोर्डाच्या प्रमाणपत्रातली दुरुस्ती तुम्हाला थेट जाऊन करता येत नाही, शाळेमार्फत अर्ज जातो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गवाल्यांचा अर्ज रत्नागिरीच्या कोकण विभागीय मंडळात, रायगडवाल्यांचा मुंबई विभागात. मे महिना, शाळा बंद, मुख्याध्यापक गावाला. त्याची बॅच त्याच्याशिवाय दुबईला गेली. सगळा घोळ एका अक्षराचा.

अर्ज करायचं मनात आलं त्याच दिवशी दहावी, बारावी, पदवी, आधार, पॅन आणि पासपोर्ट एका टेबलावर मांडा. प्रत्येकावरचं नाव कोऱ्या कागदावर अक्षर-अक्षर उतरवा, एकाखाली एक. डोळ्यांनी नुसतं वाचू नका, डोळा आपलं नाव बरोबरच वाचतो. दहावीचं प्रमाणपत्र मूळ धरा आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवा, कारण आधार-पॅन बदलणं सोपं, बोर्डाचा कागद बदलणं कटकटीचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर तो आधी भरून घ्या. एकच नाव असलेल्या पासपोर्टवर नोव्हेंबर २०२२ पासून संयुक्त अरब अमिराती पर्यटक व्हिसा देत नाही. आणि अर्ज चालू असताना लग्न झालं म्हणून उत्साहाने आडनाव बदलू नका. पासपोर्टवर लग्नानंतर आडनाव बदलणं बंधनकारक नाही.

दाखल्यांबद्दल अजून दोन गोष्टी. पावसाळ्यात कागदाला बुरशी येते म्हणून आपल्याकडे दिसेल तो दाखला लॅमिनेट करायची खोड आहे. साक्षांकनाचे शिक्के मूळ प्रमाणपत्राच्या पाठीवर बसतात, प्लास्टिकवर नाही. मग ते प्लास्टिक सोलताना कागदाचा पापुद्रा निघतो. त्यापेक्षा पिशवीच्या फोल्डरमध्ये सिलिकाची पुडी टाका आणि स्टेपलची पिन काढून टाका. ती गंजून डाग पाडते. दुसरं म्हणजे अपोस्टिल (हेग करारातल्या देशांत चालणारा परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का) आणि दूतावासाचं साक्षांकन या वेगळ्या गोष्टी. अमिराती आणि कतार हे हेग कराराच्या अपोस्टिलमध्ये नाहीत. तिथे राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्या देशाचा दूतावास अशी साखळी लागते. ‘स्वस्तात अपोस्टिल करून देतो’ म्हणणाऱ्याला आधी देश कुठला ते विचारायला सांगा. आणि कंपनीने कुठलं प्रमाणपत्र हवं ते कळवल्याशिवाय यातलं काहीही करू नका.

पैसे देऊन जागा मिळत नाही

मोठ्या कंपन्या अर्ज स्वतःच्या संकेतस्थळावर घेतात आणि त्यासाठी रुपयाही घेत नाहीत. ‘व्हिसा प्रोसेसिंग’चे चाळीस हजार मागणारं, फुकटच्या जीमेलवरून आलेलं ऑफर लेटर खोटं असतं. त्यावर कंपनीचा लोगो किती चकचकीत आहे याचा काही संबंध नाही. मध्ये एजंट असेलच तर त्याचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. नोंदणीकृत एजंटालाही कायद्याने ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, एवढंच शुल्क घेता येतं.

अकादम्यांचं दुखणं वेगळं. बारावी झाली की लाखभर रुपये भरून वर्षभराचा डिप्लोमा. तो डिप्लोमा एमिरेट्स किंवा कतार एअरवेज मागत नाही. दरवाजे उघडणं, आग विझवणं, प्रथमोपचार, जॅकेट घालून पाण्यातून तराफ्यावर चढणं, हे सगळं निवड झाल्यावर कंपनी स्वतः शिकवते. कंपनीला हवं असतं वय २१ आणि गिऱ्हाइकांशी वागण्याचा अनुभव. म्हणजे अठरा ते एकवीस ही तीन वर्षं हॉटेलच्या रिसेप्शनवर किंवा रेस्टॉरंटमध्ये पगार घेत काढली, तर अर्जावर लिहायला खरं काहीतरी असतं. पण ते काम कमीपणाचं वाटतं आणि ब्लेझर घालून क्लासला जाणं भारी वाटतं, याला औषध नाही.

तारकर्लीला घरचं होमस्टे आहे म्हणून ‘अनुभव नाही’ असं लिहिणारेही सापडतात. अहो, तोच अनुभव. गणपतीत खोली दोनदा बुक झाली तेव्हा काय केलंत? शाकाहारी पाहुण्यांना माशाच्या कढईची शंका आली तेव्हा त्यांची समजूत कशी काढलीत? मुलाखतीत हेच विचारतात. काय घडलं, तुम्ही स्वतः काय केलंत, शेवट काय झाला, या क्रमाने दीड मिनिटात सांगता आलं पाहिजे. ‘मला लहानपणापासून आकाशाची ओढ’ हे उत्तर परीक्षकांनी त्याच सकाळी तीस वेळा ऐकलेलं असतं.

बारीकसारीक, पण घरी पाठवणाऱ्या

बायोडाटा लग्नाचा नको. वर श्री गणेश, खाली जात, रास आणि मामाकुळ, असे कागद खरोखर जमा होतात. एक पान, इंग्रजीत, शिक्षण आणि काम, बस.

फोटो स्टुडिओत काढलात तर ‘गोरा करू नका’ असं आधीच सांगा. न सांगता करतात.

गणवेशात दिसेल असा टॅटू चालत नाही आणि बँडेज लावून झाकलेलाही चालत नाही. मनगटावर कुणाचं नाव गोंदवून घ्यायचा विचार असेल तर जरा थांबा.

गटचर्चेत सगळ्यात जास्त बोलणारा निवडला जातो हा गैरसमज. दुसऱ्याचं वाक्य तोडणारा आधी बाहेर जातो. गप्प बसणारा त्याच्या मागोमाग.

रेकॉर्डेड व्हिडिओ मुलाखत वाडीतल्या गच्चीवरून देऊ नका. वाऱ्यात आवाज जातो, आणि पावसाळ्यात लाइट कधी जाईल ते महावितरणलाही ठाऊक नसतं. तालुक्याच्या गावात ब्रॉडबँड आणि इन्व्हर्टर असलेलं नातेवाइकाचं घर गाठा.

मुंबईच्या ओपन डेला कोकणकन्येने रात्रभर बसून जाऊन, स्टेशनात तोंड धुऊन तसंच हॉटेलात शिरणं हा कंजूषपणा महागात पडतो. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेगळं वेळापत्रक असतं, गाड्या हळू चालतात, दरड आली तर अडकतात. आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचा. डोंबिवलीच्या मावशीकडे उतरणार असाल तर सकाळच्या लोकलचा वेळ धरा आणि इस्त्रीचे कपडे पिशवीत वेगळे ठेवा.

नकार आला की दुसऱ्या ईमेलवरून लगेच नवा अर्ज टाकायचा नाही. पासपोर्ट नंबर तोच असतो, त्यामुळे पकडले जाता. पुन्हा कधी अर्ज करायचा ते नकाराच्या पत्रात लिहिलं असेल तर तेवढं थांबा.

ऑफर आली म्हणून हातातली नोकरी त्याच दिवशी सोडू नका. मेडिकल आणि व्हिसा बाकी असतो. अमिरातीच्या निवासी व्हिसासाठी क्षयरोगाची तपासणी होते. पूर्वी टीबी होऊन गेला असेल तर छातीच्या एक्स-रेवर व्रण दिसू शकतो, म्हणून उपचारांची जुनी कागदपत्रं शोधून ठेवा.

आणि बॅग भरताना आईला एवढं सांगा की अनारसे नकोत. खसखस अमिरातीत बंदी असलेल्या वस्तूंमध्ये येते. घरचा मसाला न्यायचा असेल तर त्यात खसखस पडली आहे का ते आधी विचारा, आणि पडली असेल तर डबा घरीच ठेवा.