घराला मागं खोल्या वाढवताय? आराखड्यातल्या या चुका टाळा

"मागं परसात जागा पडूनच आहे, दोन खोल्या काढून टाकू." सांगलीत घर वाढवायचं काम बहुतेक वेळा या एका वाक्यावर सुरू होतं. थोरल्याचं लग्न ठरलेलं असतं, आईला जिना झेपत नसतो, नाहीतर गावाकडची पोरं शाळेसाठी राहायला येणार असतात. मग मिस्त्री येतो, परसात दोन फेऱ्या मारतो, पायानं मातीत रेघ ओढतो आणि सांगतो, "दहा बाय बारा, मागं बाथरूम. आरामात बसतंय, साहेब." आरामात बसतंही. पण त्या रेघेत नुसती नवी खोली असते. तिच्यामुळं जुन्या घरातला उजेड, सांडपाणी आणि माणसांची ये-जा कुठून होणार, हे कुणी आखलेलं नसतं. आराखडे काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. वाढवलेलं घर बिघडलं म्हणून बघायला बोलावतात तेव्हा नवी खोली बहुधा ठीकच असते, दुखणं जुन्या घरात असतं.

म्हणून टेप आधी जुन्या घराला लावा. जुन्या भिंती दीड-दोन फूट जाडीच्या असतात, आणि खोल्या काटकोनात असतीलच असं नाही. एका टोकाला दहा फूट, दुसऱ्या टोकाला साडेनऊ. कर्णसुद्धा मोजा. कागदावर भिंत नऊ इंची धरली आणि जागेवर अठरा इंची निघाली, तर दोन भिंतींतच दीड फूट गेला. खिडक्या, चेंबर, पावसाचं पाणी पडतं ती जागा, सगळं त्या कागदावर आलं पाहिजे.

माजघर अंधारात टाकणं

ही चूक मी स्वतःच्या घरात केली आहे. सांगलीच्या गावभागातलं आमचं घर जुन्या पद्धतीचं: पुढं सोपा (बसाउठायची पडवी), मग माजघर, बाजूला स्वयंपाकघर, मागं परसू. माजघराला उजेड यायचा तो परसाकडच्या एकुलत्या एका खिडकीतून आणि मागच्या दारातून. त्याच भिंतीला चिकटवून मी नवी खोली उभी केली, कारण एक भिंत वाचत होती. वास्तुशांतीनंतर पंधरा दिवसांनी आई म्हणाली, "अरे, भर दुपारी दिवा लावून तांदूळ निवडायचे होय रे?" लोकांच्या घरात जाऊन मी हेच सांगत फिरायचो, आणि घरात मात्र वाचणाऱ्या भिंतीचा हिशेब केला होता.

वाड्यांना चौक असायचा तो काही थाटासाठी नाही. मधल्या खोल्यांना उजेड आणि हवा द्यायला दुसरा मार्गच नव्हता. आपल्याला चौक परवडत नसेल, पण जुनी भिंत आणि नवी खोली यांच्यात चार-पाच फुटांची उघडी पट्टी सोडता येते. तिथं तुळस बसते, धुणं वाळतं, भांडी घासता येतात आणि माजघराची खिडकी जिवंत राहते. पट्टी सोडण्याइतकी लांबी नसेल तर नवी खोली पूर्ण रुंदीची न करता एका बाजूला सरकवा, म्हणजे जुनी खिडकी मोकळी राहील. तेही जमत नसेल तर नव्या खोलीचं छत जुन्या भिंतीच्या माथ्यापेक्षा दोन-अडीच फूट खाली ठेवून वरच्या उघड्या भागात झरोके काढा.

चूक होऊन गेली असेल तर? आमचं माजघर कौलारू होतं म्हणून सुटलो; काही मंगलोरी कौलं काढून काचेची घातली आणि उजेड आला. हवा मात्र आली नाही, त्यासाठी नव्या खोलीच्या दाराच्या वर जाळीचं तावदान करावं लागलं. स्लॅबचं घर असेल तर छताला भोक पाडायचा निर्णय गवंड्यावर सोपवू नका. तिथं सळई कापली जाते, आणि कुठली कापायची हे स्ट्रक्चरल इंजिनिअरनं सांगायचं असतं. आणि माजघराची खिडकी नव्या बाथरूममध्ये उघडेल असं काही करू नका. असं केलेली घरं मी पाहिली आहेत, अगदी देवघराची खिडकीसुद्धा.

पोराच्या खोलीतून संडासला जाणं

नव्या दोन खोल्या एकामागं एक काढल्या की मागची खोली गाठायला पुढच्या खोलीतून जावं लागतं. पुढच्या खोलीत नवं जोडपं आणि संडास सगळ्यात मागं. रात्री दोन वाजता वडिलांनी काय करायचं? बहुतेक घरांत वडील पहाटेपर्यंत थांबतात आणि कुणी काही बोलत नाही. तीन फुटांचा बोळ काढला तर दहा फूट लांबीला तीस चौरस फूट जातात, आणि तेवढीच जागा देताना लोकांचा जीव वरखाली होतो. द्या ती जागा. नकाशावर रंगीत पेन्सिलींनी वाटा काढून बघा: आईची रात्रीची वाट, गॅस सिलिंडरची, शाळूच्या पोत्याची, पाहुण्यांना हात धुवायला जायची. यातली एकही वाट कुणाच्या झोपायच्या खोलीतून जात असेल तर नकाशा परत काढा.

खोलीचं मापही सामान मांडून ठरवावं. दहा बाय दहाची खोली कागदावर ऐसपैस दिसते. डबल बेड साधारण सहा बाय सव्वासहा फूट आणि कपाट दोन फूट खोल. सव्वासहा आणि दोन मिळून सव्वाआठ, म्हणजे पलंगाच्या पायथ्याशी पावणेदोन फूट उरले. कपाटाचं दार पलंगाला अडतं आणि साडी काढायला माणसाला पलंगावर चढून बसावं लागतं. त्याच खोलीची एक बाजू बारा फूट केली की हा प्रश्न मिटतो. परसात फक्की टाकून खोलीच्या रेघा मारा, आत खरी खाट आणि दोन खुर्च्या ठेवा आणि घरातल्या बायकांना त्यात वावरायला सांगा. पाच मिनिटांत त्या जे सांगतील ते मला तीन नकाशांत सापडत नाही.

म्हाताऱ्या माणसांसाठी खोली काढताय तर बाथरूमचं दार अडीच फुटी नको, तीन फुटी करा, आणि ते बाहेर उघडणारं किंवा सरकतं असू द्या. आत कुणी पडलं आणि दार आतल्या बाजूला उघडणारं असलं तर तेच माणूस दाराला आडवं येतं.

सांडपाण्याचा उतार

नवा संडास मागं, पालिकेची गटार पुढं रस्त्यावर, आणि मध्ये अख्खं घर. चार इंची पाइपला साधारण चाळीस ते साठ फुटांत एक फूट उतार लागतो. घराच्या बाजूनं पंचेचाळीस फूट पाइप न्यायची असेल तर कमीत कमी नऊ इंच, चांगला उतार हवा तर साडेतेरा इंच. रस्ता दर डांबरीकरणाला वर येतोय आणि घर आहे तिथंच आहे. त्यामुळं हे इंच बऱ्याचदा नसतातच. मग मिस्त्री पाइप सपाट टाकतो, आणि सहा महिन्यांत सगळं तुंबतं. हा हिशेब खोलीचं जोतं ठरवायच्या आधी करा. शक्य असेल तिथं नवा संडास जुन्याच्या पाठीला पाठ लावून घ्या. पाइप जुन्या घराच्या फरशीखालून कधीच नेऊ नका, आणि प्रत्येक वळणावर चेंबर ठेवा.

जुना चेंबर किंवा सेप्टिक टँक नव्या खोलीच्या फरशीखाली गाडणं ही तर हमखास सापडणारी चूक. वर चकचकीत फरशी बसते, आणि पहिल्यांदा तुंबलं की तीच फरशी फोडावी लागते. हे आधीच झालं असेल तर तुंबायची वाट न बघता पाइप बाहेरून वळवून नवा चेंबर उघड्यावर काढा.

नव्या बाथरूमच्या काही तक्रारींचं कारण लक्षणावरूनच कळतं. फ्लश केल्यावर नाहणीतून गुडगुड आवाज येत असेल तर हवेची पाइप नाही किंवा बंद झाली आहे. ती छताच्या वर नेऊन सोडा. नुसता वास येत असेल तर ट्रॅपमधलं, म्हणजे जाळीखालच्या वाकड्या नळीत वास अडवायला साठून राहणारं पाणी आटलंय का ते बघा. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या, न वापरल्या जाणाऱ्या बाथरूममध्ये हे नेहमी होतं, आणि तांब्याभर पाणी ओतलं की वास जातो.

आता पुराचं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५ फूट, हे सांगलीच्या पोरालाही पाठ असतं. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. त्याआधी २००५ चा पूर झाला आणि नंतर २०२१ चा. तरीही गावभागात, सांगलवाडीत लोक वाढीव खोलीत विजेचे बोर्ड कमरेच्या उंचीवर घेतात. तुमच्या भिंतीवर पुराची खूण असेल तर रंग देण्याआधी तिची उंची नकाशावर लिहून ठेवा, आणि बोर्ड, मीटर, इन्व्हर्टर तिच्या वर घ्या. पुराचं पाणी दारातून यायच्या आधी बऱ्याचदा संडासाच्या भांड्यातून वर येतं, म्हणून शेवटच्या चेंबरला उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवा. खाली दोन खोल्या काढण्यापेक्षा एक खाली आणि एक वर काढली, वरच्या खोलीला छोटा संडास दिला आणि जिना घरातून घेतला, तर पुरात निदान सामान आणि माणसं वर नेता येतात. जिना बाहेरून असेल तर त्याची पहिली पायरीच पाण्यात जाते.

जुनं आणि नवं जिथं मिळतं तिथं

इथली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. जुनं घर इतक्या वर्षांत काय बसायचं ते बसलेलं असतं. नवं आता बसायला लागतं. दोघांना एकमेकांत बांधून टाकलं की सांध्यावर चीर पडणारच. नवा बीम जुन्या मातीच्या भिंतीत घुसवून टेकवण्याची पद्धत सर्रास आहे आणि ती सगळ्यात वाईट. नव्या खोलीला तिचे स्वतःचे कॉलम द्या, पाया मुरमापर्यंत न्या, आणि जुन्या-नव्या भिंतींत मोकळी फट सोडा. किती, ते इंजिनिअर ठरवेल. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप साताऱ्याकडची जुनी माणसं अजून सांगतात. पाटण, कऱ्हाड बाजूला घर असेल तर या फटीवर वाद घालूच नका. हलताना दोन बांधकामं एकमेकांवर आपटू नयेत म्हणूनही ती लागते.

जुन्या भिंतीला लागून एकदम सलग चर खोदू नका. जुना पाया आधीच उथळ असतो, त्याची माती सुटली तर भिंत झुकते. चार-चार फुटांचे टप्पे, एक आड एक खोदा. त्याहून बरं म्हणजे कॉलम जुन्या भिंतीपासून तीनेक फूट लांब घेऊन स्लॅब पुढं काढणं.

चीर पडलीच असेल तर आधी ती कसली आहे ते बघा. सांध्यावर सरळ उभी असेल तर घाबरायचं कारण नाही. फक्त सिमेंट भरू नका, पुढच्या उन्हाळ्यात ती परत उघडते. ताणला जाणारा सीलंट भरून वर पट्टी मारा. खिडकीच्या कोपऱ्यातून पायऱ्या-पायऱ्यांनी तिरकी चढणारी भेग असेल तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करून तारीख लिहा. खुणेच्या पुढं गेली की इंजिनिअरला बोलवा, रंगाऱ्याला नाही.

आणि छत. जुन्या कौलांचा उतार नव्या भिंतीकडं येत असेल तर मध्ये घळ तयार होते आणि सगळा पाऊस तिथं गोळा होतो. महाबळेश्वरच्या बाजूला तर ही घळ म्हणजे वर्षाची पाहुणी. नवा स्लॅब खाली ठेवून जुन्या वळचणीचं पाणी त्याच्यावर पडू द्यावं आणि पुढं परसाकडं काढून द्यावं, हे उत्तम. घळ टळतच नसेल तर जस्ताच्या पत्र्याची फूटभर रुंद पन्हळ करा. एक कड कौलांच्या खाली दोन ओळी आत आणि दुसरी भिंतीवर सहा इंच वर वळवून खाचेत बसवा. पत्रा नुसता भिंतीला चिकटवून वरून सिमेंटची लेपी मारली तर ती लेपी एक पावसाळा टिकते.

कागद

थोडक्यात सांगतो. महापालिकेत असाल तर २०२० पासूनच्या राज्याच्या एकत्रीकृत बांधकाम नियमावलीप्रमाणं बाजूनं मोकळी सोडायची अंतरं बघा, ग्रामपंचायतीत असाल तर तिथली परवानगी काय लागते ते आधी विचारा. गुंठेवारीतला, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्यानं तुकडे पाडून विकलेला प्लॉट असेल तर २००१ च्या कायद्याखाली तो नियमित झालाय का ते तपासा. नदीकाठी पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणाऱ्या निळ्या आणि लाल पूररेषा कुठून जातात ते नकाशा काढायच्या आधी बघा, नंतर नाही. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, त्यातून अंतरं सोडली की मिस्त्रीनं पायानं ओढलेली रेघ बरीच आत येते. आणि भावकीची सामाईक भिंत असेल तर मोजणी करून घ्या, चहा पिता पिता ठरलेली हद्द पाया खोदताना बदलते.

कामाचा क्रमही आखून ठेवा. दिवाळीनंतर पाया, मृगाच्या आधी छताचा सांधा पूर्ण. नव्या खोलीत जायचं दार काढायला जुनी भिंत फोडावी लागते, ती सगळ्यात शेवटी, नवं छत गळत नाही हे बघितल्यावर फोडा. म्हणजे तोवर धूळ, सिमेंट आणि कामगारांचा रेडिओ भिंतीच्या पलीकडं राहतो. वर कधीतरी मजला घ्यायचा म्हणून कॉलमच्या सळ्या उघड्या सोडणार असाल, तर त्यांना सिमेंटचं पाणी लावून वर कच्च्या काँक्रीटची टोपी घाला. नाहीतर मजल्याचे पैसे जमेपर्यंत त्या गंजून बारीक होतात आणि स्लॅबमध्ये पाणी उतरवतात.