टूमस्टोनमधील अराजकाचा अभ्यास कसा करावा

ॲरिझोनातील टूमस्टोनचा इतिहास वाचायला घेणारे बहुतेक जण २६ ऑक्टोबर १८८१ च्या गोळीबारापासून सुरुवात करतात. गावचे पोलीस असलेले अर्प बंधू व त्यांचे साथीदार एका बाजूला आणि गुरे पळवणाऱ्या टोळीतील माणसे दुसऱ्या, अशा जेमतेम अर्ध्या मिनिटाच्या त्या चकमकीत टोळीकडचे तिघे मेले, हे खरे. पण गाव बेबंद का झाले होते, याचे उत्तर तिच्यात मिळत नाही. त्याऐवजी आधी हे शोधावे की, त्या गावात कोणाला, किती हद्दीत आणि कोणत्या गुन्ह्यासाठी अटक करण्याचा अधिकार होता.

हद्दींचा एक कच्चा नकाशा स्वतः काढावा. एड शिफेलिनला १८७७ मध्ये तेथे चांदी सापडली, १८७९ मध्ये गाव आखले गेले, तरी फेब्रुवारी १८८१ मध्ये कोचीस काउंटी (जिल्ह्यासारखा विभाग) वेगळी होईपर्यंत काउंटीचा कारभार दूरच्या टूसॉनहून चालत असे. नव्या काउंटीचा शेरीफ जॉनी बीहन गुन्हेगारांच्या मागावर जाई आणि करही गोळा करी. वसुलीत त्याचा हिस्सा असे. गुरे पळवणाऱ्या टोळीशी वैर पत्करण्यापेक्षा वसुली सांभाळणे फायद्याचे ठरावे, अशीच ही व्यवस्था होती, आणि माझ्या मते बीहनच्या स्वभावापेक्षा हिचा दोष मोठा आहे. गावात व्हर्जिल अर्प पोलीसप्रमुख होता, शिवाय केंद्राचा डेप्युटी मार्शलही होता. पण टपाल लुटण्यासारखे गुन्हे सोडले तर केंद्राचा अधिकार फारसा चालत नसे. मेक्सिकोची सीमा जवळ असल्याने चोरलेली गुरे इकडची तिकडे करणेही सोपे होते.

त्यानंतर साक्षीपुरावे पाहावेत. गावात येणाऱ्याने शस्त्र जमा करावे, असा नगराचा नियम एप्रिल १८८१ पासून होता आणि गोळीबाराचे तात्कालिक निमित्त तोच ठरला. न्यायाधीश वेल्स स्पायसर यांच्यासमोर सुमारे महिनाभर चाललेल्या सुनावणीतील, मेलेल्या तिघांपैकी टॉम मॅकलॉरीविषयीच्या साक्षी सावकाश वाचाव्यात: तो नि:शस्त्र होता असे काही सांगतात, घोड्याआडून त्याने गोळी झाडली असे इतर सांगतात, आणि त्याच्या अंगावर पिस्तूल सापडले नाही. ‘एपिटाफ’ हे वृत्तपत्र अर्प बंधूंची बाजू घेई, तर ‘नगेट’ त्यांच्या विरोधकांची. म्हणून एका वृत्तपत्रातील बातमी दुसऱ्याशी ताडल्याशिवाय वापरू नये.

सरकारी हस्तक्षेपाचा भाग मात्र तारखांच्या क्रमानेच वाचावा. ॲरिझोना तेव्हा राज्य नव्हते. तेथील गव्हर्नर राष्ट्राध्यक्ष नेमत. तरीही सैन्य पाठवणे सोपे नव्हते, कारण कायदा राबवण्यासाठी पोलिसांच्या जागी लष्कर वापरण्यावर १८७८ च्या कायद्याने बंधन घातले होते. राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांनी २६ एप्रिल १८८२ रोजी काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे, कायद्यात बदल मागितला, आणि ३ मे रोजी घोषणा काढून सशस्त्र टोळ्यांनी १५ मेच्या दुपारपर्यंत पांगावे, अन्यथा लष्करी बळ वापरले जाईल, असे बजावले.

या घोषणेने शांतता आली, असा निष्कर्ष काढण्याआधी आधीच्या महिन्यांची नोंद तिच्याशेजारी ठेवावी. डिसेंबर १८८१ मध्ये व्हर्जिलवर दबा धरून गोळ्या झाडण्यात आल्या, मार्च १८८२ मध्ये त्याचा भाऊ मॉर्गन अर्पचा खून झाला, त्यानंतर दुसरा भाऊ वायट अर्प संशयितांच्या मागे लागला, आणि घोषणा निघाली तेव्हा तो ॲरिझोना सोडून गेलेला होता.